पन्हाळ्याच्या कड्याकडेनं चालत फिरायचंय, वाट कुठनं धरायची?

रंकाळाकाठ

मंडळी, नमस्कार. राहायला कोल्हापुरातच, म्हणजे पन्हाळा आपल्याला २० किलोमीटर, पाहुणे आले की गाडी काढायची, तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जा कोठी एकेक दाखवत जायचं आणि झुणका भाकर खाऊन अंधाराच्या आत घरी, हे आपल्या सगळ्यांचं ठरलेलंच असतंय. पण अशा फिरण्यात गड कळत न्हाई असं मला हल्ली फार वाटायला लागलंय. गाडीतनं उतरलं की एक वास्तू, परत गाडीत बसायचं, परत उतरलं की दुसरी, मधला कडा, मधली झाडी, तट कसा वळत गेलाय ते काहीच ध्यानात राहत न्हाई. मुलगी चौथीत आहे, इतिहासाचं पुस्तक तिला तोंडपाठ, ती विचारती की सिद्दीचा वेढा कुठवर होता, महाराज एवढ्या उंचावरनं उतरले कसे, आणि गाडीच्या काचेतनं हे तिला दाखवता येत न्हाई.

तर मला असं पायजे की एक दिवस पूर्ण काढून कड्याच्या कडेकडेनं चालत, जमेल तेवढं झाडीतनं, पन्हाळा फिरायचा. अशी सलग वाट आहे काय? सुरुवात कुठनं करावी? लहान पोरगी बरोबर असताना कुठल्या बाजूला अजिबात जाऊ नये? आणि आई पण येणार म्हणतीय, तिचे गुडघे दुखतात पण हौस मोठी, तिला कुठला भाग झेपेल? पावसात जावं का दिवाळीनंतर? ज्यांनी खरंच चालत फिरलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गडावरचा

दादा, घर गडावरच आहे म्हणून लिहितो. पूर्ण गडाला फिरून येणारी एकच सलग पायवाट नाही, हे आधी ध्यानात घ्या. तटाचा घेर सात किलोमीटरच्या आसपास आहे पण मधे मधे बंगले आहेत, हॉटेलं आहेत, लोकांच्या जागा आहेत, काही ठिकाणी तट ढासळलाय आणि काही ठिकाणी तट असा नाहीच, नुसता तासलेला कडा आणि त्याच्यावर जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, असलेली कमी उंचीची भिंत. पन्हाळा हे नगरपरिषद असलेलं गाव आहे, २०११ च्या जनगणनेत तीन हजाराच्या आसपास वस्ती, शाळा, दवाखाना, बाजार सगळं गडावर, त्यामुळं कुणाच्या परड्यातनं जाऊ नका, विचारलं तर कुणीही वाट दाखवतंय.

पण तुकड्या तुकड्यानं कडा धरून चालता येतं आणि मधले तुकडे गावातल्या रस्त्यानं जोडायचे, तसं केलं की दिवसभरात निवांत होतंय. माझं मत विचाराल तर पूर्वेकडनं सुरू करा. वाघबीळवरनं वर आलं की नाक्याजवळ जिथं आपण प्रवासी कर भरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ ला गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीनं, इंग्रजांविरुद्ध बंड केलं, त्यांच्या कर्नल ओव्हान्सला धरून गडावर कोंडलं, मग इंग्रजांनी तोफा लावून १ डिसेंबरला गड घेतला आणि पुढं हा दरवाजा पाडून टाकला, आता नुसते अवशेष आहेत. लोक तिथं पावती फाडतात आणि पुढं जातात. तुम्ही गाडी बाजूला लावून पोरीला तिथंच थोडं थांबवा, कारण गडाचा शेवटचा मोठा लढा इथला आहे आणि तो चौथीच्या पुस्तकात नाही.

तिथनं बाजीप्रभूंचा पुतळा, शिवा काशिदांचा पुतळा बघत पूर्वेच्या कड्यानं सज्जा कोठी. मग उत्तरेच्या अंगानं तबक उद्यान आणि वाघ दरवाजा, तिथनं पश्चिमेच्या टोकाला पुसाटी बुरूज, मग खाली वळून तीन दरवाजा, अंधार बावडी, आणि शेवटी मधे अंबारखाना. सूर्य डोक्यावर येईपर्यंत तबकातल्या झाडीत पोचलात तर ऊन लागत नाही, आणि संध्याकाळचा उजेड पश्चिमेला मिळतो. उलट दिशेनं आलात तर दुपारी सज्जा कोठीच्या दगडावर भाजून निघाल.

तटबंदी

वरच्या भावानं वाट बरोबर सांगितलीय, मी फक्त चालताना काय बघायचं ते सांगतो, कारण पन्हाळा समजून घ्यायचा म्हणजे कडा समजून घ्यायचा असं माझं ठाम मत आहे.

हा किल्ला शिलाहारांचा, दुसऱ्या भोजाच्या काळात म्हणजे ११७८ ते १२०९ च्या दरम्यान बांधला गेला. नंतर देवगिरीचे यादव, बहमनी, आदिलशाही असं होत आलं. जो आला त्यानं कड्याचा उपयोग केला. जिथं कडा सरळ तुटलाय तिथं भिंत बारकी, आणि जिथं डोंगराचा उतार सौम्य आहे, माणूस चढून येऊ शकतो, तिथं तट एकदम जाड, १५ ते ३० फूट रुंदीचा, मधे मधे बुरूज. चालताना पोरीला हाच खेळ द्या की बाळ, इथं भिंत बारीक का आणि तिथं जाड का, खाली वाकून बघायचं न्हाई, लांबनं बघून ओळखायचं. अर्ध्या तासात तिला किल्ला कसा बांधतात ते कळतंय, मोठ्या माणसाला सुद्धा कळतंय.

आता सज्जा कोठी. आदिलशाही बांधकाम, दुमजली, बरोबर कड्यावर. संभाजीराजे दिलेरखानाकडनं परत आल्यावर पन्हाळ्यावरच होते, आणि ३ एप्रिल १६८० ला रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं तेव्हाही ते इथंच होते. या कड्यावरनं पूर्वेला बघितलं की जवळच पावनगड दिसतो आणि पलीकडं जोतिबाचा डोंगर. पावनगड नीट बघा. एवढ्या जवळ एवढा उंच डोंगर शत्रूच्या हातात गेला तर पन्हाळ्याचा कडा असून उपयोग न्हाई, तिथनं तोफेचा मारा होतो. म्हणून महाराजांनी पुढं तो डोंगर पण बांधून काढला. पुस्तकात हे एका ओळीत असतंय, सज्जा कोठीवर उभं राहिलं की दोन मिनिटांत पटतंय.

वेढ्याचं म्हणाल तर सिद्दी जौहर मार्च १६६० मध्ये आला, जुलैपर्यंत चार महिने बसला. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा, दारूगोळा आणून त्याला मदत केली, हेन्री रेव्हिंग्टन स्वतः आलेला, आणि त्याचा हिशेब महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरावर छापा घालून चुकता केला. ऐन आषाढातल्या रात्री, १२ जुलैच्या सुमाराला, महाराज राजदिंडीच्या वाटेनं उतरले, शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीतनं गेले आणि स्वतःचा जीव दिला, बाजीप्रभू घोडखिंडीत लढले. पावसाळ्यात पन्हाळ्यावर या आणि धुक्यात कड्याकडं बघा, चार हात पलीकडचं दिसत न्हाई, पायाखालचा दगड बुळबुळीत, आणि त्यातनं रात्री पालखी घेऊन उतरलेत. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं उभं राहून मिळेल, पण उतरायचा प्रयत्न मात्र करू नका.

आणि महाराजांचा कोंडाजी फर्जंद! ६ मार्च १६७३, ६० माणसं, अंधारात कडा चढून वर, आणि वेढ्यानंतर आदिलशाहीकडं गेलेला गड परत ताब्यात. म्हणजे ज्या कड्यावर विश्वास ठेवून पहारा ढिला, तिथनंच माणसं आत आली. पश्चिमेच्या बाजूला चालताना ही गोष्ट सांगा.

अंधार बावडी लोक फोटो काढून सोडतात, ती सावकाश बघा. तळाला पाणी, वर पहाऱ्याची जागा, बाहेर बघायला झरोके, तीन मजल्यांची विहीर आणि तटाच्या अगदी जवळ. वेढा पडला तर पाणी राखायचं होतं म्हणून ती अशी झाकून बांधलीय. अंबारखान्यात पण तसंच, गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी (धान्याचं जुनं माप) धान्य मावायचं म्हणतात, वरनं धान्य ओतायला घुमटांना भोकं आहेत ती पोरांना दाखवा, त्यांना लई आवडतात. कडा, पाणी, धान्य, या तिन्हीवर गड चार महिने तग धरून राहिला.

काळा पाषाण

इतिहास सगळे सांगतात, दगडाबद्दल मी सांगते. भूगोल शिकवते त्यामुळं मुलांना घेऊन जाणं होतंच.

पन्हाळ्याचा माथा आहे तो जांभ्याचा, आणि त्याच्या खाली आपला काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. वरच्या काळ्या दगडाचं उष्ण आणि पावसाळी हवेत लाखो वर्षं झिजून झिजून लोखंड, ॲल्युमिनियम मागं राहिलं त्याचा हा लाल सच्छिद्र जांभा झाला, आपल्या जिल्ह्यात बॉक्साईट निघतं ते याच्यामुळंच. मसाई पठार पण तसलंच. आता गंमत काय होते की जांभा पाणी पितो, पावसाचं पाणी त्याच्या छिद्रांतनं खाली मुरतं, पण खालचा मऊ मातकट थर आणि त्याच्या खालचा घट्ट बेसॉल्ट पाण्याला सहजी वाट देत नाहीत, मग ते पाणी आडवं सरकून कड्याच्या पोटातनं झऱ्यासारखं बाहेर पडतं. कड्याखाली जी दाट झाडी दिसते, जांभूळ, आंबा, फणस आणि वेलींचं जाळं, ती नुसत्या पावसावर नाही, या झऱ्यांवर पण आहे. हिवाळ्यात पठार पिवळं पडतं आणि कड्याखालचा पट्टा हिरवाच राहतो, हे वरनं चालताना स्पष्ट दिसतं. गडावरच्या तळ्यांना, विहिरींना पाणी राहतं त्यामागंही हेच कारण.

आणि याच पाण्यानं कडा ढासळतो पण. जोराचा पाऊस झाला की मधला मातीचा थर भिजून जड होतो, सरकतो. २०२१ च्या जुलैत चार दरवाज्याजवळचा रस्ता खचला ते सगळ्यांना आठवत असेल, गडावरची वाहतूक बंद झाली होती. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे, जून ते ऑगस्ट मुलांना घेऊन कड्याकडेनं चालायला जाऊ नका. धुकं बघायला जा, रस्त्यावर फिरा, भाजलेलं कणीस खा, पण तटाच्या काठावर नको. दगडांच्या सांध्यांत उगवलेली झाडं आधार वाटतात, त्यांची मुळं तट फोडत असतात, त्यांना धरून वाकू नका. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला की ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम. ऑक्टोबरात गवत उंच असतं, पायात बूट आणि पूर्ण पँट.

तबक उद्यानात मुलीला दहा मिनिटं गप्प बसायला सांगा. सकाळी लवकर गेलात तर शीळ घालणारा कस्तूर ऐकू येण्याची शक्यता आहे, माणसानं शीळ घातल्यासारखाच आवाज, पक्षी सहज दिसत नाही.

चुलीवरची

आईंचं कुणी बोललंच नाही अजून! मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेलेले, त्यांचेही गुडघे तसेच, त्यामुळं लिहिते.

दादा, आईंना पूर्ण फेरी करायला लावू नका, पण गाडीत बसवून पण ठेवू नका, ते फार वाईट वाटतं त्यांना. सज्जा कोठीपर्यंत सपाट आहे, तिथं त्या आरामात येतील, वर चढायच्या पायऱ्या उंच आहेत तेवढ्या नको, खाली कट्ट्यावर बसून दरी दिसते. तबक उद्यानात बसायला सावली आहे. तिथनं पुसाटीकडचा भाग तुम्ही आणि मुलगी दोघंच करा, आणि घरातलं दुसरं कुणी असेल त्यानं आईंना गाडीनं तीन दरवाज्याकडं आणावं. तिथं बायका चुलीवर भाकरी थापत बसलेल्या असतात, झुणका, खर्डा, दही, कांदा, आणि आई त्यांच्याशी बोलत बसतील, तुम्ही याल तोपर्यंत त्यांना त्या बाईचं माहेर पण माहीत झालेलं असेल. अंधार बावडीत आत उतरू देऊ नका, पायऱ्या अंधाऱ्या आणि ओल्या.

कवी मोरोपंत पण पन्हाळ्यातले, १७२९ चा जन्म, ‘केकावली’वाले. आमच्या सासूबाईंना त्यातलं पाठ होतं. पराशर मुनींच्या गुहा पण दाखवा आईंना जमलं तर, तिथं चालणं थोडं आहे पण झाडी छान.

आणि माकडं! हातात पिशवी दिसली की ओढतात, खाऊ सॅकमध्ये आत ठेवा.

मंगळवारपेठ

सगळ्यांनी छान लिहिलंय, एक विषय मी काढतो. २०२५ साली ११ जुलैला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांचे १२ किल्ले, ११ आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. (राजाराम महाराज १६८९ ला पन्हाळ्यावरनंच जिंजीला निघाले, म्हणजे यादीतले हे दोन किल्ले एका प्रवासानं जोडलेले आहेत, हे मला फार भारी वाटतंय.) तर मग आता या कड्याच्या वाटेला नीट खुणा लावून, पाट्या लावून, पर्यटकांना चालायची एक अधिकृत वाट का करू नये? गाड्या खाली किंवा नाक्याला ठेवायच्या आणि वर चालत. शनिवार रविवारी तीन दरवाज्यापाशी हॉर्नचा जो दंगा असतोय त्यात कुणाला काय वारसा दिसणार? पर्यटक एक तासात येऊन जातोय, त्याच्याऐवजी दिवसभर चालला तर दोन वेळा जेवेल, चहा पिईल, गावाला पण चार पैसे जास्त मिळतील.

गडावरचा

भावा, तुझ्या बोलण्यात तथ्य आहे, आणि माझीही इच्छा तीच आहे, पण दोन गोष्टी सांगतो. यादीचं नाव निघालं तेव्हा गडावरच्या लोकांच्या मनात मोठी धास्ती बसली की आता घराची कौलं बदलायची तरी परवानगी मिळेल का, टपरी राहील का. ती धास्ती उगाच नव्हती, पिढ्यान् पिढ्या इथं राहतोय आम्ही. त्यामुळं वाट करायची तर आधी इथल्या लोकांना बसवून विचारून करायची. वाटाडे म्हणून इथलीच पोरं घ्या, भाकरीवाल्या बायकांना त्याच वाटेवर जागा द्या, मग बघा कोण नको म्हणतंय.

दुसरं, वाट करायची म्हणून सिमेंट ओतू नका आणि रंगीत फरशा तर अजिबातच नको. जांभ्याचा चिरा बसवा, नाहीतर मातीची पायवाट असू दे. धोक्याच्या तेवढ्या जागी कठडा. कड्याच्या काठावर सिमेंट ओतलं की पाणी मुरायचं थांबतं, ते एकाच ठिकाणी जमून कड्यावरनं कोसळतं आणि तट घेऊन जातं, वर ताईंनी सांगितलंय तेच. आणि पाटी लावायचीच तर तटाच्या भिंतीत खिळा ठोकून नको, बाजूला खांब रोवून.

काळा पाषाण

अगदी बरोबर. आणि कड्याखालची झाडी तोडून ‘व्ह्यू’ मोकळा करायची टूम कधी निघाली तर सगळ्यांनी आडवं पडलं पाहिजे. ती झाडी उताराची माती धरून आहे.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मी असं ठरवलंय की पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात शाळेला सुट्टी लागली की मधल्या वारी जायचं, शनिवार रविवार टाळायचा. सकाळी सातला घरातनं निघायचं, नाक्याजवळ गाडी लावून चार दरवाज्यापासनं सुरुवात, आई सज्जा कोठी आणि तबक उद्यानापर्यंत आमच्याबरोबर, मग बायको तिला गाडीनं तीन दरवाज्याकडं आणेल, मी आणि पोरगी पुसाटीकडनं चालत येणार. भिंत बारीक का जाड का हा खेळ पोरीला आत्ताच सांगितला, ती वही घेऊन बसलीय गडाचा नकाशा काढायला.

दोनच शंका राहिल्या. पुसाटी बुरुजाकडं गवे, बिबट्या यांचं काय? ऐकायला येतंय अधूनमधून. आणि तबकातनं पुसाटीकडं जाताना वाट चुकण्यासारखी आहे काय?

गडावरचा

गवे असतात, बिबट्याचा वावर पण परिसरात आहे, लपवायचं काही कारण नाही. दिवसाढवळ्या माणसांच्या वाटेवर सहसा त्रास नाही पण पहाटे अंधारात आणि दिवेलागणीनंतर त्या बाजूला थांबू नका, पाचच्या आत पुसाटी सोडा. गवा दिसला तर फोटोसाठी पुढं जायचं नाही, आरडाओरडा नाही, सावकाश मागं सरकायचं, आणि पोरीचा हात धरून ठेवायचा.

वाट चुकण्यासारखी नाही पण गुगल मॅप बघत कडेच्या पाऊलवाटांनी शिरू नका, त्यातल्या काही जनावरांच्या वाटा आहेत आणि सरळ कड्यावर जाऊन संपतात. रुळलेला रस्ता धरा. पुसाटीला दोन बुरूज आहेत आणि मधे खंदकासारखा चर, बुरुजाच्या तोंडाशी पोरीला एकटी जाऊ देऊ नका, वारा जोरात असतो. समोर मसाई पठार दिसेल, पावनखिंडीकडं जाणारे दरवर्षी जुलैत त्याच पठारावरनं चालत जातात, तिला तिथनं बोटानं वाट दाखवा.

निघायच्या आदल्या दिवशी इथं लिहा, त्या आठवड्यात कुठं माती घसरलीय, कुठला भाग बंद केलाय ते बघून कळवतो.

चुलीवरची

आणि आईंसाठी बसायला एक पातळ चटई घ्या, दगड गार असतो.